गुड्डूचा नंबर

२ एप्रिल, गुरुवार
तेरवी सोमवारी झाली. काल शेवटचे पाहुणे गेले. गाद्या गच्चीवर वाळत घातल्या. घरात आता आई आणि मी.

गुड्डूच्या फोनवर अजून मेसेज येतात. तो काम करायचा त्या वाडीच्या गोडाऊनमधून ट्रकचे नंबर, कोणती गाडी अमरावतीहून निघाली, कोणती अडकली. त्या ग्रुपमधून त्याला कोणी काढलेलं नाही. माझा फोन इथे लागत नाही, म्हणून त्याचाच वापरते आहे. सकाळी आईनं तो चार्जिंगला लावला. तो आंघोळीला जाताना लावायचा म्हणे, त्याच प्लगला.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ऑकलंडहून दोन विमानं बदलून. दारात चपला होत्या, खूप, आणि त्यात त्याच्याही होत्या.

तिकीट २८ तारखेचं. तोवर आईची सोय लावायची. पुण्याची मावसबहीण म्हणते वर्धा रोडला चांगला वृद्धाश्रम आहे, चौकशी कर. आईला विचारलं. ‘मी माह्या घरी राहीन,’ म्हणाली. बस तेवढंच.

म्हणजे हे घर तिच्यासाठी चालू ठेवायचं. स्वयंपाकाला बाई, गॅस, वीज, फोन. आठवडाभराचं काम असावं.

३ एप्रिल, शुक्रवार
आधी फोन. हुडकेश्वर रोडवरच्या मोबाईलच्या दुकानात गेले. नवं सिम माझ्या नावानं हवं म्हटलं. दुकानदार तरुण आहे, गळ्यात कंपनीची पट्टी, नियमाला पक्का वाटला. मला बरं वाटलं.

‘आधार?’
‘नाही. पासपोर्ट आहे.’
त्यानं पासपोर्ट उलटसुलट पाहिला. ‘बोलता तर मराठी. उमरेडचा जन्म लिहून आहे. मग हा कोणता पासपोर्ट आहे मॅडम?’
न्यूझीलंडचा, म्हटलं. भारतवंशीयांचं कार्डही दाखवलं. ते आयुष्यभर चालतं, असंही सांगितलं.
‘सिस्टिममध्ये तुम्ही फॉरेनर. आयुष्यभर असं काही खानाच नाही इथं. परत जायची तारीख टाका लागते. त्या दिवशी सिम बंद.’

तिकीट दाखवलं. त्यानं २८ तारीख टाकली. मग म्हणाला, ओटीपीसाठी इथला एक चालू नंबर द्या. परदेशी माणसाला ओळखणारं कोणी पाहिजे. मी गु.चा दिला, फोन हातातच होता.

‘हे कोण?’
‘भाऊ.’
‘त्यांना बोलावता का दोन मिनिटं?’
‘वारला.’

हे मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं. आतापर्यंत दुसरेच कोणी सांगत होते. दुकानात एक बाई चार्जर पाहत होती, तिनं वळून पाहिलं.

त्यानं पासपोर्ट खाली ठेवला. मग हळू म्हणाला, मॅडम, हे तुम्ही सांगितलं नसतं तर बरं होतं. आता मला हा नंबर बंद करावा लागेल. मी म्हटलं करा. फाइलमध्ये मृत्यूचा दाखला होताच, प्रती काढून ठेवल्या होत्या. ऑकलंडला असंच असतं. माणूस गेला की एका ठिकाणी कळवायचं, पुढचं ते बघतात. उलट लपवलं तर चूक. मी दाखला दिला. ओटीपीसाठी दुकानदारानं त्याचा स्वतःचा नंबर घातला.

एक काम झालं असं वाटलं. येताना आईसाठी संत्री आणली.

४ एप्रिल, शनिवार
गु.च्या फोनवर सकाळपासून काही नाही. ट्रकही नाहीत.

आईनं तो चार्जिंगला लावला होता. म्हणाली, ‘आज आवाज नाही करून राहिला हा.’ मी सांगितलं, नंबर बंद केला, नवा घेतला. तिनं फोन उचलून पुसला आणि परत तिथेच ठेवला.

६ एप्रिल, सोमवार
गॅस संपला. दुसरं सिलिंडर पाहिलं तर तेही रिकामं. गु. नंबर लावणार होता, राहून गेलं असणार.

गॅसवाल्यांच्या नंबरला माझ्या फोनवरून मिस्ड कॉल दिला. ‘हा नंबर नोंदलेला नाही.’ पुन्हा. तेच.

शेजारच्या मायाताई भिंतीवरून पाहत होत्या. काय झालं विचारलं. सांगितलं. त्यांच्या हातात ओली चादर होती, ती तशीच राहिली.

‘बंद केला? गुड्डूभाऊचा नंबर?’
‘हो. रीतसर.’
‘पण तुम्ही सांगतलंच काहून, ताई?’
‘त्यानं विचारलं भाऊ कुठे आहेत.’
‘मंग सांगाचं न, ड्युटीवर गेले.’

त्या आत गेल्या. नवऱ्याला सांगताना आवाज आला. ‘अहो, त्या तिकडल्या ताईनं नंबरच मारून टाकला.’

माणूस गेला त्याचं कोणी मला असं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी पोळ्या त्यांच्याकडून आल्या. आईनं अर्धी खाल्ली.

८ एप्रिल, बुधवार
गॅस एजन्सी. रांगेत पंखा नव्हता. माझा नंबर आल्यावर सांगितलं, भावाच्या नावावर कनेक्शन आहे, तो गेला, आता माझ्या नावावर करा. (दुसऱ्यांदा म्हणणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.)

खिडकीतल्या बाई समजूतदार होत्या. चष्मा वर केला, म्हणाल्या, वाईट झालं. आणि मग, ‘आधार?’
नाही.
‘मग कसं होईल? आधार काढून घ्या.’
त्यासाठी आधी इथे सहा महिने राहिलेलं असावं लागतं, हे मला दुकानदारानं सांगितलं होतं.
‘मग सहा महिने राहा.’
‘गॅसशिवाय?’
त्या हसल्या. मीही हसले बहुतेक. मागच्या माणसानं म्हटलं, ‘चला न, ताई.’

म्हणाल्या, आई आहेत ना? त्यांच्या नावावर करा. त्यांचं आधार आहे ना? त्यांना आणा, अंगठा लावा, दोन मिनिटांचं काम.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. घरी येताना जरा हलकं वाटलं.

रात्री आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ‘त्याचं नाव कमी करून माह्यं टाकायचं?’
‘हो.’
‘कमी काहून करायचं?’
‘आई, तो नाही आता.’
‘मले माहीत आहे तो नाही. मी होतो न घरी. तू नव्हती.’
तांदूळ निवडत राहिली. मी उठून कूलरमध्ये पाणी घातलं. ते घालायची वेळ नव्हती, टाकी भरलेली होती, पाणी खाली सांडलं.

९ एप्रिल, गुरुवार
आई येत नाही म्हणते. पाय दुखतात म्हणते. काल गच्चीवर दोनदा गेली होती.

लेकीचा, नेहाचा फोन. पदवीदान मे महिन्यात. तिनं गाऊन घालून पाहिला, फोटो पाठवला. ‘तू पुढे बसायचंस.’ हो म्हटलं. मामाबद्दल काही बोलली नाही, पण फोन ठेवता ठेवता विचारलं, आजी जेवते का.

मायाताईंकडून पोळ्या, वांग्याची भाजी. आईनं भाजी ठेवली, पोळ्या घेतल्या.

११ एप्रिल, शनिवार
वाडीहून देवरावभाऊ आले. गु.बरोबर गोडाऊनला पंधरा-वीस वर्षं. गु.चा डबा, छत्री, टेबलातला कंगवा, सगळं एका पिशवीत घेऊन आले. आईनं पिशवी उघडली नाही. खाटेखाली सरकवली.

नंबरचं त्यांनाही कळलं होतं. ग्रुपमधला मेसेज गु.ला पोचला असं आता दिसत नाही म्हणाले.

‘ताई, एक सांगू? राग मानू नका. माह्या सासऱ्याच्या नावानं आमचा गॅस आहे. त्याले जाऊन जमाना झाला. जिता होता तवा त्याच्या नावानं एक काम होत नव्हतं, आता सगळं बराबर चालू आहे.’

आई हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडावर घेऊन, पण हसली. ‘तुह्या सासऱ्यानं तुले काही देल्लं नाही म्हणत होता न गा तू?’
‘गॅस देल्ला न, काकू.’

मी चहा करणार होते, गॅस नाही. मायाताईंकडून करून आणला.

देवरावभाऊ जाताना दारात मला म्हणाले, एवढ्यातेवढ्यावर काकूले बोलू नका. ‘गुड्डूनं आईचं काहीच कोणाले करू देल्लं नाही. लग्नही तिच्यापायीच राहू देल्लं.’ चपला घालून निघाले.

१३ एप्रिल, सोमवार
वीजबिल आलं. माणूस फाटकातून टाकून गेला. उघडलं.

ग्राहकाचं नाव: किसन लक्ष्मण धकाते.

बाबा. बाबा गेले तेव्हा नेहा पाळण्यात होती. ती आता पदवी घेते आहे.

बिल घेऊन आत गेले. मग आईला दाखवलं. तिनं चष्माही लावला नाही. ‘हाव, त्याइच्याच नावानं येते. घर त्याइनंच बांधलं.’
‘गुड्डूनं बदललं नाही?’
‘कशाले बदलवायचं? बिल तर भरून राहिला होता.’

मायाताईंना विचारलं, सहज विचारतेय अशा आवाजात. त्यांनी ओळीनं घरं दाखवली. हे त्यांच्या आजेसासऱ्यांच्या नावानं. ते समोरचं, ज्यानं प्लॉट विकला त्याच्या नावानं, तो कुठे आहे कोणालाच माहीत नाही. ते कोपऱ्यावरचं, बाई गेली, तिच्या नावानं. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. भाजीवाल्यांची नावं सांगावी तसं.

मी खरंच घाबरले. कायदा म्हणून नाही. या रस्त्यावर दिवे लावणारी अर्धी माणसं नाहीत, आणि हे फक्त मलाच आज कळलं. बाबांच्या नावानं काल रात्री पंखा फिरत होता. मी त्याखाली झोपले होते.

आणि गु. एकटाच मेला, कारण मी सांगितलं.

हे लिहून खोडणार होते. राहू दे.

उद्या सुट्टी. ऑफिसं बंद. रस्त्यावर निळे झेंडे लागले आहेत.

१५ एप्रिल, बुधवार
सकाळी आई स्वतःच साडी नेसून तयार. मोतिया रंगाची, काठाची. ‘चल. दुसऱ्याच्या घरून पोळ्या किती दिवस खायच्या.’

गॅस एजन्सी. तिथल्या बाईंनी आईला खुर्ची दिली. छोटं काळं मशीन, त्यावर अंगठा.

लाल दिवा.
पुसून लावा. लाल.
दुसरा अंगठा. लाल. पहिलं बोट. दुसरं. तेल लावून. पाण्यानं. सगळी दहा. लाल.

‘आजी, काय काम करत होत्या तुम्ही?’
‘कांड्या भरत होतो. उमरेडले. घरी माग होते न आमच्या.’

मला माहीत होतं. मी लहान असताना ती चरख्यासमोर बसलेली असायची. चरखा फिरवायचा, सूत बोटांतून सरकत जायचं आणि कांडीवर बसायचं. सासऱ्यांचे दोन माग, कांड्या सगळ्या तिच्या. बाबांना शाळेत क्लार्कची नोकरी लागली तरी कितीतरी वर्षं. मी त्याच आवाजात अभ्यास केला. पण तिची बोटं मी कधी पाहिली नव्हती. आज तिचा हात माझ्या हातात घेऊन एकेक बोट मशीनवर दाबताना पाहिली. गुळगुळीत आहेत. वाटीच्या बुडासारखी. त्यावर काही नाही.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, होतं असं म्हाताऱ्या माणसांचं. मग ओटीपीनं करू. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल, त्यावर येईल.

पाठवला त्यांनी. आम्ही तिघी वाट पाहत बसलो. त्यांनी स्क्रीनवरचे शेवटचे आकडे वाचून दाखवले.

गु.चा नंबर.

आईला वाचून दाखवायची गरज पडली नाही. तिनं पाहिलं माझ्याकडे. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

आई, मी आणि गु. अशी तिघं. मशीनला पटणारा तो एकच होता.

१६ एप्रिल, गुरुवार
काही केलं नाही. मायाताईंनी त्यांची जुनी विजेची शेगडी दिली. वरण केलं. खाली लागलं.

आई म्हणाली, गुड्डू वरणात पाणी जास्त टाकत होता.

१८ एप्रिल, शनिवार
देवरावभाऊंना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, काकूचं आधार काढतानाही बोटं लागली नव्हती. गु.नं तेव्हा तिला कामठीला नेलं होतं. तिथे डोळ्याचं मशीन होतं, चालवणारा माणूस गोडाऊनमधल्या एका ड्रायव्हरचा साडू. ‘डोळ्यानं होते. तिथं नंबर बदलवून घ्या. जवळ कुठं जाऊ नका, इकडलं मशीन बिघडून आहे.’

गु.नं हे मला कधी सांगितलं नाही. दर रविवारी फोन करायचा. काय चाललंय विचारलं की म्हणायचा, ‘सगळं बराबर आहे.’ मीही तेच सांगायचे.

ऑफिसातून डायनाचा ईमेल. रजा वाढवणार का, लवकर कळव, बदलीचा माणूस बघावा लागेल. उत्तर लिहिलं नाही.

२० एप्रिल, सोमवार
आई म्हणते, डोळ्यात मोतीबिंदू आहे, एकाचंच ऑपरेशन झालं, मशीन काय ओळखणार. पण जाऊ म्हणते. मी न विचारता म्हणाली.

ऊन फार आहे. दहाच्या आत निघायचं ठरवलं.

२१ एप्रिल, मंगळवार
कामठी. हुडकेश्वरहून म्हणजे शहर आरपार. पूर्ण रिक्षा करते म्हटलं तर आई ऐकेना, ‘अर्ध्यात बसनं जाऊ.’ शेवटी बर्डीपर्यंत रिक्षा, पुढे बस, मग शेअर ऑटो. ऑटोत शेजारच्या बाईनं आईला विचारलं, काहून चालले इतक्या उन्हात. आई म्हणाली, ‘नंबर बदलवायले.’ पोरीकडे चालल्यासारखं सांगितलं.

सेंटर म्हणजे एक खोली, बाहेर पॉवरलूमचा आवाज. आई दारातच थांबली. ऐकत. ‘हे मशीनचं आहे,’ म्हणाली. ‘हातमाग असा नाही बोलत.’ मग आत आली.

चालवणारा माणूस पन्नाशीचा, दाढीवाला. आईला ओळखलं. ‘आजी, तुम्ही आल्या होत्या न? मुलगा होता संगं. फार हसवत होता.’ मी तयारीत होते, सांगायला. आईच म्हणाली. ‘गेला तो. मागच्या महिन्यात.’

तिनं सांगितलं. मी ऐकलं. अजून कानात आहे.

त्यानं समोरचं स्टूल पुसलं. मग डोळ्याचं यंत्र दुर्बिणीसारखं तिच्या तोंडासमोर धरलं.

‘उघडा ठेवा, आजी.’
नाही झालं.
‘पापणी नका हलवू.’
नाही.
‘आजी, पाणी येऊन राहिलं डोळ्यातून. पुसून घ्या. पाणी असलं की घेत नाही.’

आईनं पदरानं पुसलं. परत आलं. परत पुसलं. तेरवीला, पाहुण्यांत, माझ्यासमोर, कुठेच तिच्या डोळ्यात मी पाणी पाहिलं नव्हतं. मी समजले ऑपरेशनचा डोळा आहे, ऊन लागलं असेल. अजूनही तसंच समजते आहे.

तो घाई करत नव्हता. बाहेर लोक खोळंबले होते, त्यांना म्हणाला, थांबा गा जरा, म्हातारं माणूस आहे. आईला पाणी दिलं. बसू दिलं. लूमचा आवाज चालू होता. मग तिनं स्वतःच यंत्र हातात घेतलं आणि डोळ्याला लावलं. हिरवा दिवा.

मला रडू यायला हवं होतं. मी फक्त दिव्याकडे पाहत होते.

‘आता नवा नंबर सांगा. कोणाचा टाकू?’

मी विचार केला नव्हता. इतके दिवस गु.चा काढायचा एवढंच डोक्यात होतं. मायाताईंचा? देवरावभाऊंचा? पुण्याचा? आई समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती.

‘माझा,’ म्हटलं. नंबर सांगितला. अडखळले, अजून पाठ नाही.

‘हा चालू ठेवजा बरं, मॅडम. आजीचं सगळं आता ह्याच्यावर येईल. गॅस, बँक, पेन्शन, दवाखाना. हा बंद झाला का पुन्हा इथंच येणं आहे. आजीचा डोळा दर वेळेस घेईल याची काही गॅरंटी नाही.’

परतताना आईनं ऑटोत माझ्या हातावर हात ठेवला होता. ऑटो आदळत होता म्हणून असेल.

२४ एप्रिल, शुक्रवार
आधारला नंबर लागला. मेसेज माझ्या फोनवर. गॅस एजन्सीत गेलो, ओटीपी आला, मी वाचला, त्या बाईंनी घातला. खरंच दोन मिनिटं.

मग एक कागद. ‘मूळ ग्राहकाचे नाव कमी करण्यास हरकत नाही.’ आईला सही येते, कसंबसं नाव. पेन धरून बसली. खिडकीतल्या बाई दुसरीकडे पाहू लागल्या. शेवटी केली सही. अक्षरं एकमेकांवर चढली आहेत.

कागदावर त्याचं नाव पूर्ण होतं. प्रकाश किसन धकाते. मी या वहीत कधी लिहिलं नव्हतं.

२५ एप्रिल, शनिवार
सिलिंडर आलं. सकाळीच. गॅसवाला फाटकातून ओरडला, ‘सरस्वती धकाते!’

कोणी उत्तर दिलं नाही. मला वाटलं आई उठेल, आईला वाटलं तो दुसऱ्या कोणाला बोलावतो आहे. तिला या नावानं हाक मारणारं कोण उरलं आहे? कुंदाची, म्हणजे माझी आई, गुड्डूची आई, काकू, आजी. मीच म्हटलं, आई, तुला.

‘मले?’ म्हणाली. दारापर्यंत गेली. ‘हाव, मीच,’ म्हणाली त्याला. मग सिलिंडर आत येईपर्यंत दरवाजा धरून उभी राहिली.

मायाताई भिंतीवरून, ‘झालं एकदाचं! खरं बोलूनही होते मंग काम. टाइम लागते फक्त.’ आईनं त्यांना शेगडी परत दिली, वर झुणका.

दुपारी झोपले होते. जाग आली ती एकदम, कोणी ढकलल्यासारखी. २८ तारीख.

सिममध्ये माझ्या तिकिटाची तारीख आहे. मीच दाखवलं तिकीट. मंगळवारी मी विमानात बसेन आणि माझा नंबर बंद होईल, आणि आईचं सगळं त्याच्यावर आहे. परत लाल दिवा. परत कामठी. परत तो डोळा. आणि न्यायला कोणी नाही.

एकदा केलं तेव्हा माहीत नव्हतं म्हणता येईल. आता नाही म्हणता येणार.

२६ एप्रिल, रविवार
नेहाला फोन. सगळं सांगितलं, सिमपासून. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘आई, नंबर दुसऱ्या कोणाचा दे ना. It’s just a number.’ मी म्हटलं हो, तसं करता येईल. कोणाचा, असं तिनं विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

मायाताई मुलाचं लग्न झालं की त्याच्याकडे बंगलोरला जाणार. देवरावभाऊ पुढच्या वर्षी रिटायर, मग उमरेडला. दोघंही हो म्हणतील, मला माहीत आहे. आणि आईला कधी ओटीपी लागला तर ती त्यांना फोन करणार नाही, हेही माहीत आहे.

गाऊनचा फोटो परत पाहिला. खांद्याला सैल आहे.

आज रविवार. गु.चा फोन यायचा दिवस. त्याचा फोन इथे खाटेवर आहे, चार्जिंगला. त्यात आता फक्त वेळ दिसते, ती मात्र बरोबर.

बॅग काढली. उघडून ठेवली. आईनं तिच्यात लोणच्याची बरणी ठेवली, कपड्यात गुंडाळून. विमानात नेऊ देणार नाहीत म्हटलं. तिनं काढून घेतली. थोड्या वेळानं पाहिलं तर परत ठेवली होती.

२७ एप्रिल, सोमवार
दुकानात गेले. आईही आली, म्हणाली औषधं घ्यायची आहेत. तिला दुकानदारानं स्टूल दिलं.

सिमची मुदत वाढवायची म्हटलं. तो लगेच, ‘होते न मॅडम. पासपोर्ट द्या.’ मग सगळं तेच. फोटो, ओटीपी, कार्ड. त्यानं गु.बद्दल विचारलं, म्हणजे विचारलं नाही, म्हणाला, ‘तेव्हा मी बंद केला नंबर, मला दोन दिवस कसंतरी झालं. मम्मी बोलली मले घरी.’ मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम केलं. तो म्हणाला, ‘तेच बोललो मी मम्मीला. नाही पटलं तिले.’

मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. पुन्हा तो खाना.

‘परत जायची तारीख काय टाकू?’

उद्याचं तिकीट पर्समध्ये होतं. डायनाला अजून उत्तर दिलेलं नाही. मी म्हटलं, रिकामी ठेवता येत नाही का.

‘तारीख टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.’ मग थोडा वाकून, हळू, ‘कोणतीही टाका न. लांबची. कोण पाहून राहिलं?’

आई रस्त्याकडे पाहत होती. ऐकू येतं तिला, चांगलं ऐकू येतं. औषधांचं तिनं काढलंच नाही.

मी कोणतीही तारीख सांगू शकत होते. या रस्त्यावर कोणीही सांगितली असती. पण मी सांगितलेली तारीख आई लक्षात ठेवेल. त्या दिवसापर्यंत रोज एक दिवस कमी करत बसेल.

उद्या सकाळी येते म्हटलं.

‘सकाळीच या मॅडम,’ तो म्हणाला. ‘उद्याचा दिवसच चालू आहे.’

घरी आलो. आईनं भात टाकला. मी बॅग तशीच उघडी ठेवली आहे.